डिपार्टमेंटची अमावस्या

आमच्या लॅबला महिन्याची एक अमावस्या कधी पुरली नाही. दोन तर ठरलेल्याच असत, एखाद्या महिन्यात तीनही व्हायच्या. त्या कॅलेंडर बघून येत नसत, काकाजी सांगतील तेव्हा येत. सकाळी साडेदहाच्या सुमारास ते वरच्या मजल्यावरून जिन्याच्या अर्ध्यापर्यंत उतरायचे, कठडा धरून उभे राहायचे आणि रिसेप्शनपासून रक्त घ्यायच्या खोलीपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, "आज अमावस्या हाये. सगळ्यायनं पासवर्ड बदला."

एकदा घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणणारा एक जण वैतागला. "काकाजी, अमावस्या परवाच झाली ना बाप्पा!"

"ते पंचांगातली होती," काकाजी म्हणाले. "हे आपल्या डिपार्टमेंटची हाये."

एवढं बोलून ते वर निघून गेले आणि खाली सगळे शिव्या घालत नवे पासवर्ड शोधायला लागले.

आमची लॅब लकडगंजात होती. मागच्या बाजूला आरा मशीन, त्यामुळे दिवसभर लाकूड कापल्याचा आवाज आणि खिडकीच्या जाळीवर भुशाचा थर. वाडीपासून कुहीपर्यंत लॅबची सात-आठ सेंटरं. तिथे येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव, वय, फोन नंबर आणि त्याच्या रक्तात काय निघालं ते सगळं वरच्या मजल्यावरच्या एका सर्व्हरमध्ये जमा व्हायचं. त्या सर्व्हरचे राखणदार म्हणजे काकाजी. वय पंचावन्नच्या पुढे, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात बटणांचा मोबाइल. मी त्यांची असिस्टंट. कुहीकडची धानाची शेती असलेल्या घरातली मुलगी, कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग करून वाडीला खोली घेऊन राहिलेली, आणि आपल्याला सगळं येतं असं पक्कं समजणारी.

पहिल्या दिवशी मी वर गेले तेव्हा काकाजींना ताप आलाय असं मला वाटलं. डोक्यावरून मोठा पांढरा दुपट्टा घेतलेला, त्याचं दुसरं टोक समोरच्या मॉनिटरवर टाकलेलं, आणि आत वाफारा घ्यावा तसे ते वाकून बसलेले. उन्हाळ्यात नागपूरचा प्रत्येक माणूस दुपट्टा बांधून फिरतो, पण एसी खोलीत कॉम्प्युटरला दुपट्ट्यात घेणारा मी पहिल्यांदा पाहत होते. बराच वेळ मी उभी राहिले. शेवटी आतून आवाज आला, "बस वं पोरी. माही वाचणी चालू हाये."

ते लॉग वाचत होते. लॉग म्हणजे सर्व्हरनं स्वतःच लिहिलेली रोजनिशी. कोण आलं, काय मागितलं, काय भरलं, किती वेळ लागला, सगळं तो ओळीखाली ओळ लिहीत जातो. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की काही बिघडलं तर लॉग बघायचा. न बिघडता रोज सकाळी तासभर तो वाचणारा माणूस मी पाहिला नव्हता आणि पुढेही कधी भेटला नाही.

"काकाजी, डेटाबेसले एवढे पासवर्ड आहेत, एवढी कुलपं आहेत. मग हा दुपट्टा काहून?"

"डेटाबेस मुका हाये. मारला तरी बोलत नाही," दुपट्ट्यातून उत्तर आलं. "लॉग बडबड्या हाये. न विचारता सांगते."

मला ते म्हातारपणाचे चाळे वाटले. घरी आईला फोन करून सांगितलंसुद्धा, की माझे साहेब कॉम्प्युटरला ऊन लागू देत नाहीत.

काकाजी पूर्वी कोर्टासमोर टाइपरायटर घेऊन बसायचे. नवरा-बायकोची भांडणं, भावाभावातल्या वाटण्या, सगळ्या गावाची लफडी त्यांच्या बोटांखालून गेलेली. तिथे त्यांना एक सवय लागली म्हणे. टाइप करायचं ते बोटांनी वाचायचं, आपण नाही. या सवयीचा पुढे असा अतिरेक झाला, की ऑफिसात ते कुणाला नावानं हाक मारत नसत. रक्तवाले, थुंकीवाल्या बाई, रिसेप्शनवाली, अशी खात्यावरून हाक. स्वतःच्या जेवणाच्या डब्यावरही नाव नाही. सगळ्यांचे डबे एकसारखे आणि एकाच मांडणीवर ठेवलेले, तेव्हा एकदा मी विचारलं की तुमचा कोणता हे कसं कळतं. "ज्याच्यावर नाव नाही तो माहा," ते म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला दुपट्ट्यात घेतलं. म्हणजे शेजारी खुर्ची ओढून बसवलं आणि दुपट्ट्याचा पदर माझ्याही डोक्यावर टाकला. आत भीमसेनी कापराचा वास, समोर भराभर ओळी. आणि तिथे मला अमावस्येचं गुपित कळलं.

लॉगिनच्या पानावर वर नावाचा रकाना असतो, खाली पासवर्डचा. सकाळी घाईत माणूस येतो, खुर्चीवर बसता बसता टाइप करतो आणि नावाच्या रकान्यात पासवर्ड ठोकून देतो. सर्व्हर म्हणतो, या नावाचा इथे कुणी नाही. माणूस जीभ चावतो आणि पुढच्या मिनिटाला बरोबर नाव, बरोबर पासवर्ड टाकून आत जातो. झालं गेलं विसरून जातो. लॉग विसरत नाही. तो लिहून ठेवतो, की अमुक नावाचा कुणी आला होता, त्याला घेतलं नाही. ते 'अमुक नाव' म्हणजे अख्खा पासवर्ड, ठळक अक्षरात. त्याच्याच खालच्या ओळीत त्या माणसाचं खरं नाव. किल्ली आणि किल्लीचा मालक शेजारी शेजारी.

पहिला पासवर्ड मी वाचला तो रिसेप्शनवालीचा. एवढी गोड बोलणारी मुलगी, आणि पासवर्ड होता 'डॉक्टर-खडूस', पुढे एक-दोन-तीन. डॉक्टर म्हणजे आमचे लॅबचे मालक. मी दुपट्ट्यातच फिस्सकन हसले.

काकाजी हसले नाहीत. "तिले जाऊन सांगतलं का तुहा पासवर्ड दिसला, तं पोरगी उद्या कामावर येईन का?" ते उठले, चपला घातल्या आणि जिन्यावर जाऊन अमावस्या जाहीर केली. चाळीस माणसांनी पासवर्ड बदलले. एकीची चूक झाकायला ते चाळिसांच्या शिव्या खात होते, आणि लोक त्यांना अंधश्रद्धाळू म्हणत होते. त्या दिवसापासून काकाजींना हसणं मी बंद केलं. मनातल्या मनात थोडं चालू ठेवलं, कारण माणूस हसण्यासारखाच होता.

पासवर्ड एक वेळ बदलता येतो. रिपोर्टचं काय? सेंटरवरून रिपोर्ट भरला गेला की ती ओळही जशीच्या तशी लॉगमध्ये उतरायची. स्क्रीनवर आम्ही 'गोपनीय' अशी खूण ठेवली होती. ती केली की निकालाच्या जागी चांदण्या दिसायच्या, डॉक्टर सोडून कुणाला वाचता यायचं नाही. त्या चांदण्यांचा आम्हाला फार अभिमान. लॉगमध्ये मात्र त्याच निकालाची उघडीवाघडी ओळ. काकाजींनी हे डॉक्टरांना दोनदा सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "काकाजी, लॉग तुमच्याशिवाय कोण पाहते यार?"

तेही खरंच होतं, आणि त्यातच काकाजींचे हाल होते. आम्ही ऑफिसातले पाच-सहा जण एका लग्नाला गेलो होतो. लॉनवर जेवण, गोडाच्या काउंटरवर गर्दी. काकाजी एका जाडजूड गृहस्थांकडे टक लावून बघत होते. गृहस्थांच्या द्रोणात चार गुलाबजाम. ते संपवून ते पुन्हा रांगेत उभे राहिले. काकाजींना घाम फुटला. मग मी बघते तर काकाजी त्यांच्या शेजारी जाऊन उभे, आणि त्यांच्या द्रोणातला गुलाबजाम उचलून सरळ आपल्या तोंडात. मग दुसरा. गृहस्थ आधी थक्क झाले, मग चिडले. "अहो, हे काय करून राहिले तुम्ही?"

"माफ करा, मले लय आवडते," काकाजी भरल्या तोंडानं म्हणाले आणि तिसरा उचलला.

वराकडची दोन माणसं धावत आली. आम्ही काकाजींना हात धरून बाजूला घेतलं. आमची मान खाली. परतताना ऑटोत मी विचारलं, तर म्हणाले, "सांगतलं ना, आवडते म्हनून." या माणसानं चहात साखर घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी मागच्या तारखेचा लॉग उघडून बघायचा मोह मला झाला. खरं सांगते, मी उघडला. गृहस्थांची साखर वाचून मला वाटलं, चौथाही खायला हवा होता काकाजींनी.

आता माझी गोष्ट.

लॅबनं सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी केली, त्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही. आमच्या भागात ही तपासणी नवी नाही. माझा निकाल 'वाहक' आला. वाहक म्हणजे आजारी नव्हे. मी धडधाकट, दोन मजले धावत चढणारी. फक्त नवराही वाहक निघाला तर मुलांना आजार होऊ शकतो, म्हणून लग्नाआधी त्यानं तपासून घ्यायचं, इतकी साधी गोष्ट. पण गावाकडे एवढं कोण ऐकून घेतं? 'पोरीत दोष हाये' एवढंच ऐकतात. माझ्या मावसबहिणीचं ठरलेलं लग्न असंच मोडलं होतं, तेही तिनं सांगायच्या आधी दुसऱ्याच कुणीतरी सांगितल्यामुळे. मी निकालावर 'गोपनीय'ची खूण केली आणि दोन दिवस सुट्टी घेऊन गावी गेले. परत आले तेव्हा काकाजी माझ्याशी न बोलता माझ्या पाण्याच्या बाटलीशी बोलत होते. "जेवन झालं का?" बाटलीला. "उद्या लवकर येजो," बाटलीला. मला कळलं, यांनी वाचलं.

त्याच दिवसांत माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा मला आवडला होता. दोनदा भेटलो, दोन्ही वेळेस सांगेन सांगेन म्हणत मी पाणीपुरी खाऊन परत आले. मुलगा आयटी पार्कातल्या एका कंपनीत. आणि नागपूर बाहेरून कितीही वाढलं तरी आतून गल्लीच असल्यामुळे, आमच्या लॅबचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी तीच, आणि ते सांभाळणाऱ्या चौघांत हा एक.

अशात आमचं सॉफ्टवेअर रखडायला लागलं. रिपोर्ट उघडायला इतका वेळ, की पेशंट तोवर बरा व्हावा. डॉक्टरांनी कंपनीला फोन केला. कंपनी म्हणाली, मागच्या आठ दिवसांचा लॉग मेलनं पाठवा, बघून सांगतो. डॉक्टरांनी वर निरोप धाडला, "संध्याकाळपर्यंत पाठवून द्या."

आठ दिवस. माझी ओळ सहा दिवसांपूर्वीची होती.

मी काकाजींसमोर जाऊन उभी राहिले. "काकाजी, पाठवायच्या आधी लॉगमधून एक ओळ काढाची आहे."

"लॉगमधली ओळ काढत नसतेत. आज तू काढशीन, उद्या चोर काढन."

"माझी आहे."

काकाजींनी पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. "असं का?" ते म्हणाले. "मले तं काई माहीतच नाही." इतका वाईट अभिनय मी शाळेच्या गॅदरिंगलाही पाहिला नव्हता.

मग मी रडले. मुलगा कोण, कुठे काम करतो, सगळं सांगितलं. मला त्याला स्वतः सांगायचंय, त्यानं ते असं एखाद्या फाइलीत वाचू नये, हेही सांगितलं. मागे आरा मशीनवर एक ओंडका पूर्ण कापून झाला.

"तुही ओळ काढली समज," ते म्हणाले. "बाकीच्यायचं? कुहीच्या सेंटरवरची ते बाई हाये. वाडीचा तो ट्रकवाला हाये. त्यायले तं हेही माहीत नाही का आपली कुठं ओळ हाये म्हनून. ते कोणापाशी येऊन रडतीन?"

मला राग आला त्यांचा. माझ्या डोळ्यांतलं पाणी वाळलं नव्हतं आणि हे मला ट्रकवाल्याचं सांगत होते. पण त्या बाईची ओळ मीही वाचली होती.

काकाजी दुपट्टा खांद्यावर टाकून डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि दोन मिनिटांत डॉक्टरांचा आवाज सगळ्या मजल्यावर ऐकू आला. "अरे मशीनची डायरी आहे यार ते! भेजो ना! लोक खाली बोंबलून राहिले!"

"डायरी मशीनची हाये, साहेब. पन लिहिलं तुमच्याबद्दल हाये. एकडाव वर येऊन पाहा. मंग पाठवतो."

डॉक्टर तणतणत वर आले. काकाजींनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि दुपट्टा टाकला. डॉक्टर आडवे भरलेले, दुपट्टा पुरेना. एक टोक मी धरून उभी राहिले. दारात रिसेप्शनवाली, रक्तवाले, थुंकीवाल्या बाई, सगळे जमले. आतून काकाजींचा आवाज आला, "हे सोमवारची ओळ पाहा. नावाच्या रकान्यात काय हाये?"

"हे तर... अरे!" डॉक्टर ओरडले.

ते काय होतं ते मी सांगणार नाही. डॉक्टरांना घरात लाडानं मारायची हाक होती, एवढंच सांगते.

"सोमवारी अमावस्या सांगतली होती," काकाजी आतून म्हणाले. "सगळ्यायनं बदलला. तुम्हीच राहिले. आता हे गुरुवारची पाहा. 'गोपनीय' तुम्हीच केली होती."

मग एकदम बारीक आवाजात डॉक्टरांनी विचारलं, "हे... घरी तर नाही ना माहीत?"

"अजून मेल नाही केला, साहेब."

डॉक्टर बाहेर आले तेव्हा केस विस्कटलेले, चेहरा घामानं डबडबलेला. दारातल्या गर्दीकडे न बघता ते म्हणाले, "लॉग बाहेर नाही जाणार. त्यांचा माणूस इथं बोलवा." आणि केबिनमध्ये जाऊन त्यांनी पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं केलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. अर्थात तोच. नशीब एकदा गंमत करायला लागलं की अर्ध्यावर थांबत नाही. त्यानं मला पाहून मान हलवली, मी कीबोर्डकडे पाहिलं.

काकाजींनी एक्स-रेचं मोठं पाकीट कापून पट्टी केली होती. ती मॉनिटरवर चिकटवल्यावर ओळींच्या सुरुवातीची वेळ, कामाचा प्रकार आणि शेवटी लागलेले सेकंद एवढंच दिसायचं. मधली नावं, निकाल, सगळं पुठ्ठ्याखाली. वर पुन्हा दुपट्टा होताच.

"काका, असं कसं दिसन?" आतून तो म्हणाला.

"तुले मशीन कुठं अडकते ते पाह्याचं हाये ना? मंग टाइम पाह्य. लोकायच्या रक्ताशी तुले काय करणं हाये?"

अर्ध्या तासात त्यानं अडचण शोधली. एक रिपोर्ट उघडायला सॉफ्टवेअर दर वेळेस सगळे जुने रिपोर्ट चाळत होतं. पट्टीखालचं एक अक्षर न वाचता काम झालं. दुपट्ट्यातून बाहेर येत, चष्मा पुसत तो सहज म्हणाला, "काका, एवढं झाकण्यापेक्षा सेटिंगच बदला ना. लॉगमध्ये नाव, निकाल लिहूच नको म्हणून सांगता येते. त्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. आणि न ओळखीचं नाव पण नाही लिहीत."

काकाजी गर्रकन त्याच्याकडे वळले. "हे आधी काहून नाही सांगतलं बे?"

"कोणी विचारलंच नाही, काका."

बारा वर्षं तो दुपट्टा. मला हसू आवरेना आणि काकाजींकडे बघून वाईटही वाटेना, कारण ते स्वतःच हसत सुटले होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सेटिंग त्यांनी त्याच दुपारी बदलून घेतली.

तो निघाला तशी मी मागोमाग खाली गेले. समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले आणि चहा यायच्या आधीच बोलून टाकलं. "मी सिकलची वाहक आहे. तुम्ही तपासून घ्या. मग काय ते ठरवा. नाही म्हटलं तरी मी समजून घेईन." शेवटचं वाक्य खोटं होतं. मी समजून घेतलं नसतं, महिनाभर रडले असते.

त्यानं ग्लास हातात घेतला आणि म्हणाला, "लॅबमध्ये घेतात ना रक्त? मग चहा होऊ द्या." चहा झाल्यावर तो खरंच आत गेला आणि बाही सरकवून रक्तवाल्यांसमोर बसला. फॉर्मवर त्यानं 'गोपनीय'ची खूण केली. काकाजी जिन्यात उभे राहून हे सगळं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा काकाजी लॉगसमोर बसले होते. पडद्यावर ओळीच्या ओळी, आणि जिथे म्हणून काही कळण्यासारखं होतं तिथे प्रश्नचिन्ह. ते उठले. पाणी प्यायले. खिडकीपाशी जाऊन आले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. शेवटी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि या खेपेला त्यांनी बाटलीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"काय आलं वं?"

इतक्या दिवसांत त्यांनी कुणाला त्याच्याबद्दल काही विचारल्याचं मला आठवेना. विचारायची गरजच पडली नव्हती बिचाऱ्यांना. सगळ्यांचं सगळं त्यांना आधीच माहीत असायचं आणि त्यातलं एक अक्षर ते कुणाशी बोलू शकत नसत. आज पहिल्यांदा त्यांना काही माहीत नव्हतं, आणि त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला आलेल्या बापासारखा झाला होता.

"साफ आहे, काकाजी. सकाळीच त्यानं स्वतः फोन करून सांगितलं. पुढच्या रविवारी त्याच्या घरचे येऊन राहिले."

काकाजी खुर्ची ओढून बसले. दुपट्ट्याच्या टोकानं त्यांनी आधी चष्मा पुसला, मग डोळे.

"अजून एकडाव सांग वं," ते म्हणाले. "वाचण्यापरीस ऐकाले लय बरं वाटते."